तीन चेंडू, नऊ अंडी

घोडनदी (शिरूर)
१४ डिसेंबर १९९७

आनंदराव,

मेहमूदचा सलाम घ्या. अकरा वर्षांत चार पत्रं आणि दोन लग्नपत्रिका एवढाच आपला टपालखर्च. त्यामुळे हे पाकीट बघून वहिनी म्हणतील, काहीतरी काम निघालेलं दिसतंय. निघालंय.

दौंडच्या शाळेतली शिपाईगिरी सोडून मी इथं पाइपाच्या कंपनीत माळी म्हणून लागलो, हे तुम्हाला माहीत आहे. पण माळी कशाचा, ते मी कधी नीट सांगितलं नाही, कारण तुम्ही हसला असता. आमच्या रणदिवे साहेबांना गोल्फचा नाद. कंपनीच्या मागे आठ एकर मुरूम पडून होता. बाभळी तोडून, माती आणून, टँकरच्या पाण्यावर मी तिथं हरळी वाढवली. जी हरळी उपटता उपटता शेतकरी म्हातारा होतो, ती मी लेकरासारखी जपली. आता हसा.

हसून झालं असेल तर पुढे वाचा. रणदिवे साहेब सदुसष्टचे झाले, आता नुसते सल्लागार. त्यांच्या जागी मल्होत्रा साहेब आलेत, दिल्लीकडचे, वय अडतीस. त्यांना माझ्या हरळीवर ट्रक उभे करायचेत. रणदिवे साहेब भर मीटिंगमध्ये भडकले आणि पैज लावून बसले. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर दोघांनी तीन-तीन चेंडू मारायचे. ज्याचा चेंडू लांब जाईल त्याचं ऐकायचं. रणदिवे साहेब जिंकले तर मी रिटायर होईपर्यंत मैदानाला कुणी हात लावणार नाही. म्हणजे तीन वर्षं.

मी रोज दोघांचे चेंडू गोळा करतो, म्हणून पावलांत सांगतो. मल्होत्रांचा चेंडू दोनशे पावलं जातो. आमच्या साहेबांचा, सकाळच्या गारठ्यात, एकशे नव्वद. दहा पावलं कमी पडतात. उन्हाळ्यात साहेब हेच अंतर सहज मारतात, थंडीत का मारत नाहीत, हे कोडं तुम्हीच सोडवा. एकतीस वर्षं तुम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत होता.

माझी नोकरी जाणार नाही, मला गेटवर बसवतील. पण आनंदराव, माझ्या हरळीवर चाकं फिरताना गेटवर बसून बघणं मला जमणार नाही. मला ती दहा पावलं हवीत.

चौफुल्याच्या गाडीच्या कंडक्टरबरोबर दोन चेंडू पाठवतोय. पिवळट पडलेला तो साहेबांचा, जुन्या घाटणीचा. पांढराफेक तो मल्होत्रांचा, बाभळीत हरवलेला. फरीदाचा वहिनींना सलाम.

तुमचा
मेहमूद शेख

*

वरवंड
२२ डिसेंबर १९९७

प्रिय मेहमूदभाई,

शास्त्रीय प्रश्न घेऊन तुम्ही माझ्याकडे आलात, म्हणजे डोकं अजून ठिकाणावर आहे. मी नुसता परिचर होतो हे खरं, पण प्रयोग मीच करायचो. मास्तर फक्त अनुमान सांगायचे, तेही पुस्तकातलं.

साहित्य: दोन चेंडू, लोखंडाची करवत, पातेलं, मोजायची टेप (सौ.च्या शिवणाच्या डब्यातली, न विचारता).

कृती: साहेबांचा चेंडू पायाखाली धरून कापला. वरची साल निघाली आणि आत निघाला रबरी दोरा! ताणून ताणून गुंडाळलेला, किती हात असेल देव जाणे. एकदा सुटला तो थांबेना. चेंडू घरभर उड्या मारत उलगडत गेला. मांजर त्यात गुरफटलं आणि तसंच शेजाऱ्यांकडे पळालं, ते अजून परत आलेलं नाही. शेवटी बोराएवढी रबरी पिशवी उरली. ती टोचली, तर आतलं पातळ थेट तव्यावरच्या भाकरीवर उडालं. सौ.चे त्यावरचे उद्गार वहीत नोंदवलेले नाहीत.

मल्होत्रांचा चेंडू मात्र साधा निघाला. वर कडक साल, आत भरीव रबराचा गोळा. झालं.

दोन्ही चेंडू कापून झाल्यावर आठवलं, की उसळी आधी मोजायला हवी होती. शास्त्रात असं होतं. म्हणूनच परवा फोन करून तुमच्याकडून आणखी चार मागवले.

निरीक्षण: चेंडू माळवदावरून फरशीवर टाकायचा आणि समोरच्या खिडकीच्या कितव्या गजापर्यंत उडतो ते बघायचं. रात्रभर माळवदावर गारठलेला दोऱ्याचा चेंडू तिसऱ्या गजाला गेला, दुपारभर उन्हात ठेवलेला पाचव्याला. भरीव चेंडूला थंडी कमी बाधते, एकाच गजाचा फरक. थंडीत रबर आखडतं, आपले गुडघे आखडतात तसं. मग मारलेला जोर चेंडू पुरता परत देत नाही. गार हवाही चेंडूला अडवते, पण ती दोघांनाही सारखीच अडवणार.

आता मुख्य गोष्ट. चेंडू कढत पाण्यात दहा मिनिटं ठेवला, वरून चटका बसावा इतका तापला, पण उडाला जेमतेम गारठलेल्याइतकाच. कापून आत बोट लावलं, तर आत गार. रबरातून ऊब सावकाश जाते. म्हणून खिशात ठेवून किंवा तळहातावर चोळून काही होणार नाही. ऊब बेताची हवी, पण तासन्‌तास.

अनुमान: साहेबांनी दोऱ्याचा चेंडू सोडून भरीव घ्यावा, चार पावलं मिळतील. तो आतपर्यंत उबदार असावा, आणखी पाच-सहा. झाली दहा. उबेची पेटी मी करतो. शाळेनं मोडीत काढलेला थर्मामीटर माझ्याकडे आहे आणि चाळीसचा एक बल्ब आहे.

आमचा विश्वजीत सुरतेला गिरणीत आहे, दिवाळीपासून त्याचं पत्र नाही. पोस्टमन तुमचं पत्र घेऊन आला तेव्हा सौ. पळत बाहेर गेली आणि तुमचं नाव बघून तोंड बारीक करून आत आली. मनावर घेऊ नका.

आपला शास्त्रीय मित्र
आनंदराव

*

घोडनदी
१ जानेवारी १९९८

आनंदराव,

तुमचं अनुमान साहेबांना वाचून दाखवलं. भाकरीचा भाग गाळला. चेंडूच्या बाबतीत ते अडून बसले. म्हणाले, भरीव चेंडू मारताना दगडाला दगड लागल्यासारखा आवाज येतो, मला तो सहन होत नाही. मी म्हणालो, साहेब, ट्रकचा आवाज सहन होईल का? दुसऱ्या दिवशी साहेब पुण्याहून तीन भरीव चेंडू घेऊन आले.

मधल्या काळात मीही एक प्रयोग केला, पण तो तुमच्या वहीत लिहू नका. नानकटाईवाल्याच्या भट्टीच्या कडेला एक चेंडू ठेवला. तासाभरानं त्याचं भजं झालं. भट्टीवाला अजून माझ्याशी बोलत नाही आणि कालपासून रोजे सुरू झालेत, म्हणजे रोज संध्याकाळी त्याच्याच दारात जायचंय.

साहेब नियमाचे पक्के आहेत. त्यांनी पुस्तक उघडून दाखवलं. खेळ चालू असताना कृत्रिम साधनानं चेंडू गरम करायचा नाही. खेळाच्या आधी चालतं. म्हणून असं ठरलंय: तिन्ही चेंडू तुमच्याकडे पाठवतो. सव्वीस तारखेपर्यंत रात्रंदिवस एकसारखे उबवा. अंगापेक्षा किंचित जास्त ऊब हवी. पंचवीसला संध्याकाळी स्वतः घेऊन या, वाटेत गार होऊ देऊ नका.

मल्होत्रांनी काल मैदानाच्या कडेला चुन्याच्या खुणा करून घेतल्या, ट्रक कुठं वळणार त्याच्या. मी पाणी घालताना पाइप जरा लांब धरला आणि एक खूण धुऊन टाकली. अल्ला माफ करो.

मेहमूद

*

वरवंड
१० जानेवारी १९९८

प्रिय मेहमूदभाई,

कळवण्यास आनंद होतो, की यंत्र उत्तम चालू आहे. ऊब अडतीस अंश, रात्रंदिवस, पाऱ्याची रेघ हलत नाही. विशेष म्हणजे यंत्राला वीज लागत नाही. इथं दिवसातून आठ तास वीज जाते हे लक्षात घेऊन मी मूळ रचनेत थोडा बदल केला. यंत्र चेंडू स्वतःच अधूनमधून फिरवतं, त्यामुळे ऊब सगळीकडून सारखी लागते.

यंत्र दिवसातून एकदा वीस मिनिटं बंद असतं. त्या वेळात त्याला मूठभर ज्वारी आणि पाणी लागतं. यंत्राच्या फार जवळ गेल्यास हाताला इजा होते, माझ्या झाली आहे.

तपशील समक्ष सांगेन.

आनंदराव

*

वरवंड
१६ जानेवारी १९९८

फरीदाभाबी,

सारजाबाईचा नमस्कार. तिळगूळ पाठवलाय, रोजा सुटल्यावर खावा आन् गोड बोला. आमच्या घरात गोड बोलायला कुणी उरलं न्हाई म्हनून तुमाला लिवतीया.

ह्यांनी भावजीला यंत्राचं काय काय लिवलंय ते मला वाचून दावलं. मी आडवी पडून हसले. आवो कसलं यंत्र! पेटी केली व्हती, खरं हाय. बल्ब लावला, लाइट गेली. लाइट आली, बल्ब गेला. दोन दिस हे पेटीपाशी बसून चेंडू गोधडीत गुंडाळत्यात आन् उलगडत्यात, गुंडाळत्यात आन् उलगडत्यात. मग मी भावजीचं पत्र हातात घ्यातलं. त्यात सरळ लिवल्यालं, "रात्रंदिवस उबवा." मी म्हनलं, आवो उबवायचंच हाय तर ह्यात पेटीचं काय काम? आमची तांबडी कोंबडी खुडूक हून बसलीच व्हती. पाच तारखेला तिच्याखाली नऊ अंडी घालून रवण बसवलं आन् मधी तीन चेंडू सारले. एकदा बी कुरकुरली न्हाई. ह्यांना मातुर हात लावू देत न्हाई. तीन ठिकानी टोचलंय, यंत्रानं.

आता खरी अडचन सांगती. पाच तारखेचं रवण, एकवीस दिसांनी पिल्लं निघत्यात. मोजा बोटावर. सव्वीस तारीख येती! त्याच दिशी तिच्याखालनं चेंडू काढायचे, आन् तेबी शिरूरला न्हेऊन? चेंडू एकले न्हेले तर येष्टीतच गार व्हत्याल. म्हनून तांबडी, अंडी, चेंडू सगळं एका डालग्यात घालून हे पंचवीसला येत्यात. माजी अंडी फुटली तर त्या मल्होत्राची न् माजी गाठ हाय, सांगून ठिवा.

विश्वजीतचं पत्र न्हाई. तांबडी बघा, परक्याचं पोर पन उबवती, आन् इचारत न्हाई कवा निघनार.

सारजाबाई

*

घोडनदी
२० जानेवारी १९९८

आनंदराव,

फरीदानं वहिनींचं पत्र काल रोजा सोडताना वाचून दाखवलं. खजूर घशात अडकून माझा शेवटचा रोजा व्हायची वेळ आली.

मी "उबवा" लिहिलं होतं, ते "उबेत ठेवा" अशा अर्थानं. पण आता विचार करतो तर वहिनींनी जे केलं त्यापेक्षा चांगलं उबवणं कुठल्या पेटीला जमलं असतं? तुमचं यंत्र खरंच उत्तम आहे. फक्त त्याला पिसं आहेत हे तुम्ही लिहायचं विसरलात.

साहेबांना मी काही सांगितलेलं नाही. नुसतं "आनंदरावांचं यंत्र" असं म्हणतो आणि ते कौतुकानं मान हलवतात. खरं सांगितलं तर ते तयार होणार नाहीत, आणि मला भीती वाटते. काल मल्होत्रा दोनशे दोन पावलं मारत होते. रोज पहाटे मी मैदानावर अनवाणी चालून येतो. तीन वर्षं मिळोत न मिळोत, पायाला तरी आठवण राहील.

या. डालगं जपून आणा.

मेहमूद

*

घोडनदी
२७ जानेवारी १९९८

सारजावहिनी,

आनंदराव इथंच आहेत, कारण तांबडीला अजून हलवता येत नाही. ते तुम्हाला पत्र लिहायला घाबरतात, म्हणून मी लिहितो. आधी महत्त्वाचं: आठ पिल्लं निघाली. नववं अंडं निकामी. तांबडी खुशाल आहे. आता बाकीचं.

पंचवीसला रात्री डालगं माझ्या खोपटात पोत्यांवर ठेवलं. सकाळी झेंडा झाला, जिलेबी वाटली, सगळी कंपनी मैदानाच्या कडेला उभी राहिली. गारठा असा, की तोंडातून वाफ निघत होती. मल्होत्रांनी आधी मारलं. त्यांची पिशवी रात्रभर जीपमध्ये होती, चेंडू बर्फ झालेले. तरी तरणा गडी. एक एकशे अठ्ठ्याण्णव, एक बाभळीत, एक दोनशे चार. तिथं मी लाल झेंडी रोवली.

रणदिवे साहेब म्हणाले, "मेहमूद, यंत्र आणा."

मी डालगं आणलं. वरचं पोतं काढलं. तांबडीनं मान वर करून सगळ्या कंपनीकडे बघितलं. मल्होत्रांनी विचारलं, "ये क्या है?" आनंदराव छाती काढून म्हणाले, "स्वयंचलित."

साहेबांचा चेहरा लाल झाला. म्हणाले, "मेहमूद, मला आधी का नाही सांगितलं?" मी म्हणालो, "साहेब, तुम्ही नको म्हणाला असता." ते म्हणाले, "म्हणालोच असतो. खेळ सुरू झालाय. आता चेंडू उबेत ठेवणं माझ्या नियमात बसत नाही. तिन्ही आत्ता बाहेर काढा."

आनंदरावांनी हात घातला. तांबडीनं आधी हातावर टोचलं, मग चष्म्यावर. चष्मा हरळीत पडला. तरी ते हटले नाहीत, चाचपत चाचपत तीन काढलेच. पहिला साहेबांनी मारला, दोनशे एक. कंपनी ओरडली, पण मी झेंडी बघत होतो. तीन पावलं कमी. दुसऱ्याला साहेबांचा पाय घसरला, चेंडू सरळ बाभळीत. राहिला एक.

तिसरा आनंदरावांनी स्वतःच्या हातानं हरळीत रोवलेल्या बारक्या खुंटीवर ठेवला. साहेबांनी काठी उचलली, कंबर वळवली, काठी पार खांद्यामागे गेली, आणि खालून आवाज आला, "चिव."

साहेब तसेच थांबले. काठी हवेत. परत आवाज आला, "चिव." सगळे वाकून बघायला लागले. वहिनी, खुंटीवर अंडं होतं! गावरान अंडं चेंडूएवढंच, आणि आनंदरावांचा चष्मा पडलेला, साहेब चष्मा खेळताना घालत नाहीत. अंड्याला भोक पडलेलं आणि त्यातून चोच बाहेर आलेली.

मल्होत्रा जे हसायला लागले ते हरळीवर बसलेच. हातातली जिलेबी पडली. मी ते अंडं ओंजळीत घेऊन पळालो आणि तांबडीखाली सारलं, आणि तिथंच हाताला लागला तिसरा चेंडू. गरम. बाकीचे दोन बाहेर गार होत होते, तेवढा वेळ हा आतच होता.

साहेब म्हणाले, "हा मी मारणार नाही. खेळ चालू असताना गरम झालाय." तेवढ्यात मल्होत्रा डोळे पुसत उठले. स्वतःच नियमांचं पुस्तक उघडलं, बोट ठेवलं आणि म्हणाले, "साहब, इसमें आर्टिफिशियल लिखा है. मुर्गी तो ओरिजिनल है. मारिए."

साहेबांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, मारिए. मग मारला. दगडाला दगड लागल्यासारखा आवाज झाला आणि मला तो फार गोड लागला.

पावलं मी मोजली. रोजा होता, तोंडाला कोरड, आणि मागे सगळी कंपनी माझ्याबरोबर मोजत येत होती. दोनशे. दोनशे एक. दोनशे चारला लाल झेंडी आली आणि चेंडू कुठं दिसेना. मग दोन पावलं पुढे हरळीत रुतलेला दिसला. दोनशे सहा. मी तिथंच खाली बसलो आणि रडलो, लाज वाटली नाही.

मल्होत्रांनी स्वतः हात धरून उठवलं. ट्रक आता बाभळीच्या पलीकडे उभे राहणार. तसं त्यांनी जिलेबीच्या कागदावर लिहून दिलंय, सही तेलकट आहे पण आहे.

एक गंमत राहिली. तो चेंडू मी तांबडीला दाखवायला नेला, तर तिनं चोचीनं ओढून पोटाखाली घेतला. आठ पिल्लं पंखातून डोकावतात आणि ही त्या चेंडूवर बसून आहे. तिला वाटतंय, हे अजून निघायचंय. आनंदराव परत येताना तो चेंडू तुमच्यासाठी आणतील.

तुमचा भावजी
मेहमूद

ता. क. प्रयोग यशस्वी. चष्म्याची एक काच गेली. आल्यावर बोलू नये ही विनंती. — आनंदराव

*

वरवंड
२ फेब्रुवारी १९९८

मेहमूदभावजी,

तुमाला, भाबीला ईदेची मुबारकी. तुमच्या कागदावरची सही जपून ठिवा, तेल लागल्यालं हाय तर मुंग्या येत्याल.

तांबडी आली. आठ पिल्लं आली. हे बी आले, एका काचंचे. मी काय बोलले न्हाई. दोन दिस न बोलता ऱ्हायले, आता त्येंनाच कसंनुसं हुतंय.

तांबडी अजून त्या चेंडूवर बसती. पिल्लं दानं टिपाया लागली तरी ही उठत न्हाई. म्या चेंडू काढून घ्यातला आन् देव्हाऱ्यात ठिवलाय. सकाळी कडंला दिवा लावती, तवा हात लावून बघती. दिव्याची का व्हईना, जरा ऊब असती त्याला.

विश्वजीतचं पत्र न्हाई आलं. मी रागवत न्हाई आता. ह्या घरात मी लई उबवलं भावजी, कोंबड्यांचं बी आन् माजं बी. त्यात लांब जाऊन माघारी आला, तो एकला ह्यो चेंडूच.

सारजाबाई